उबंटूतून विंडोजच्या डी ड्राइव्हवर काहीच सेव्ह होत नाही: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स (इथे त्याचा उबंटू हा प्रकार) दोन्ही आहेत. काल रात्रीपर्यंत उबंटूतून डी ड्राइव्हवर फाइली टाकता येत होत्या, आज जमत नाही. उजवं क्लिक केलं तर 'पेस्ट' फिकट दिसतं, नवा फोल्डर तयार होत नाही, लिबरऑफिसमध्ये फाइल उघडली की वर 'रीड-ओन्ली' अशी पट्टी येते. जुनं सगळं दिसतं, फोटो उघडतात, गाणी वाजतात. फक्त लिहिता येत नाही.

याचंच दुसरं रूप म्हणजे ड्राइव्ह उघडतच नाही. त्यावर क्लिक केलं की 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' अशी लांबलचक ओळ येते. ती वाचून डिस्क गेली असं वाटून पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा डिस्कला काहीही झालेलं नसतं.

तिसरं रूप 'परमिशन डिनाइड' या संदेशाचं. ते वरच्या दोघांसारखं दिसलं तरी दुखणं वेगळं आहे, त्याचा उपायही वेगळा. चौथं सगळ्यात वाईट: उबंटूत फाइल कॉपी झाली, तिथे दिसलीही, पण विंडोज चालू केल्यावर ती नाहीच, किंवा आहे पण उघडत नाही.

मी सांगलीत एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. गेली आठ-नऊ वर्षं प्रत्येक सत्रात हे दुखणं घेऊन मुलं येतात, आणि सबमिशनच्या आठवड्यात तर दिवसाला दोन-तीन लॅपटॉप याचसाठी टेबलावर असतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते आहे. कमांड मी फोनवर सांगते तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लिनक्स लिहू देत नाही, ते बहुतेक वेळा तुमचा डेटा वाचावा म्हणून. इंटरनेटवर पहिला उपाय म्हणून 'फोर्स', म्हणजे ड्राइव्ह जबरदस्तीने जोडण्याचा पर्याय लावायला सांगतात. तो लावला की लिहिता येतं, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते. ती कशी, ते खाली एका मुलाच्या प्रसंगातून कळेल.

संदेश नीट वाचा, फुकट आहे

कुठलीही कमांड देण्याआधी नेमका संदेश काय येतोय ते वाचा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढा. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असेल तर पार्टिशनच, म्हणजे डिस्कचा तो भागच, फक्त वाचण्यापुरता जोडलेला आहे. 'परमिशन डिनाइड' असेल तर पार्टिशन ठीक आहे, पण ते तुमच्या नावावर नाही. 'नो स्पेस लेफ्ट' असेल तर जागा संपली आहे. हे ऐकायला बाळबोध वाटेल, पण डी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असताना तासभर भलत्याच कमांड देत बसलेले लोक मी पाहिले आहेत. 'फाइल टू लार्ज' आलं तर समोरचा ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फाइली मांडणारा आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, बिघाड काही नाही. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड असेल तर ॲडॉप्टरच्या कडेची लॉकची बारीक कळ खाली सरकलेली नाही ना, तेही बघा.

मग टर्मिनल उघडून 'एलएसबीएलके', एक जागा, 'वजा एफ' द्या. प्रत्येक पार्टिशनचा प्रकार समोर येईल. तुमच्या डी ड्राइव्हपुढे एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडण्याची नेहमीची पद्धत) असेल तर पुढे वाचा. तिथे बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) लिहिलेलं असेल तर सरळ बिटलॉकरच्या भागाकडे जा, बाकीच्या तपासण्यांचा तुम्हाला उपयोग नाही.

विंडोज 'शट डाउन' नको, 'रीस्टार्ट' करा

दहापैकी सात-आठ लॅपटॉप माझ्या टेबलावर इथेच बरे होतात. लिनक्स बंद करा, विंडोजमध्ये जा, पूर्ण चालू होऊ द्या, आणि मग 'शट डाउन' न निवडता 'रीस्टार्ट' निवडा. सुरुवातीच्या काळ्या यादीत उबंटू निवडून आत या आणि डी ड्राइव्हवर एखादा रिकामा फोल्डर करून बघा.

असं का, ते समजून घ्या. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हा त्यात फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. तेव्हापासून 'शट डाउन' दाबलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आपल्या आठवणीसकट सी ड्राइव्हवरच्या 'हायबरफिल' नावाच्या फाइलमध्ये जाऊन झोपतो. सकाळी बटण दाबलं की तिथूनच जागा होतो, म्हणून लवकर सुरू झाल्यासारखा वाटतो. 'रीस्टार्ट' मात्र खरंच सगळं मिटवून नव्याने सुरू करतं. नाव पाहिलं तर उलट वाटावं असं हे आहे, म्हणून मुलांना ते चटकन पटत नाही.

मी त्यांना दुकानातल्या दिवाणजींचं उदाहरण देते. दिवाणजी दिवसभराचे काही व्यवहार अजून खतावणीत न उतरवता डोक्यात ठेवून झोपले आहेत. रात्री दुसऱ्या कुणी येऊन त्याच खतावणीत चार नोंदी केल्या. सकाळी दिवाणजी उठतात, वही पुन्हा वाचत नाहीत, कारण कालची पानं त्यांना पाठ आहेत. ते डोक्यातलं सरळ पानावर उतरवतात, आणि रात्रीच्या नोंदींवर नव्या नोंदी पडतात. विंडोज झोपेतून उठतं तेव्हा नेमकं हेच करतं. कुठल्या जागेत कुठली फाइल आहे याचा त्याच्या मेमरीतला नकाशा कालचा असतो.

'हायबरफिल सी वर आहे, मग डी का अडकला?' हा प्रश्न दर वेळी येतो. विंडोजने डी सुद्धा उघडाच ठेवून डोळे मिटलेले असतात. त्या पार्टिशनच्या नोंदवहीत 'काम पूर्ण झालं' ही खूण पडलेली नसते. लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे त्या ड्राइव्हवर वाचण्या-लिहिण्याचं काम करणारा प्रोग्राम, ती खूण शोधतो, सापडली नाही की मागे सरतो. बंद करताना लावून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्कही अशीच अडकते.

फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा

रीस्टार्टने आजचं काम भागतं, उद्या पुन्हा तेच. म्हणून विंडोजमध्येच मुळावर घाव घाला. स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. मग 'पॉवरसीएफजी', जागा, 'स्लॅश एच', जागा, 'ऑफ' आणि एंटर. काहीही संदेश येत नाही, तेच बरोबर आहे. यानंतर हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात, सी ड्राइव्हवरची ती काही जीबींची फाइलही जाते.

हायबरनेट तुम्हाला लागत असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडा. तिथल्या निळ्या ओळीवर क्लिक करून 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढा. मग शिस्त एवढीच, की विंडोज हायबरनेट केलेलं असताना लिनक्सकडे वळायचं नाही.

मोठं विंडोज अपडेट आल्यावर ही खूण परत आलेली मी बऱ्याच लॅपटॉपवर पाहिली आहे. 'मॅडम, मागच्या वर्षी तुम्हीच करून दिलं होतं' असं म्हणत आलेल्या मुलाचा लॅपटॉप मी आधी इथेच तपासते. शिवाय अपडेट चालू असताना मध्येच रीस्टार्ट झालं आणि तुम्ही यादीतून उबंटू निवडलं, तर विंडोज अर्ध्या कामात असतं. अपडेट पूर्ण होऊन डेस्कटॉप दिसेपर्यंत इकडे येऊ नका.

'फोर्स' वापरल्यावर काय होतं

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा सकाळी साडेनऊला लॅबच्या दाराशी उभा, लॅपटॉप छातीशी धरलेला. आदल्या रात्री उबंटूतून डी ड्राइव्हवर लिहिता येईना म्हणून त्याने कुठून तरी फोर्सची कमांड शोधली. ती लागली. पहाटेपर्यंत त्याने सर्व्हेचे फोटो, ड्रॉइंग आणि रिपोर्ट त्या फोल्डरमध्ये टाकले. सकाळी प्रिंट काढायला विंडोज चालू केलं तर फोल्डरच नाही, आणि गेल्या वर्षीचा एक जुना फोल्डर 'करप्ट' म्हणतोय.

आम्ही विंडोजची डिस्क तपासणी चालवली. ती संपल्यावर ड्राइव्हवर 'फाउंड डॉट शून्य शून्य शून्य' नावाचा फोल्डर उगवला. आत शेकडो फाइली, सगळ्यांची नावं गेलेली, शेपूट 'सीएचके'. एकेक फाइल उघडून, ती फोटो आहे का पाहून नाव बदलत आम्ही दुपारचे दोन वाजवले. बरेचसे फोटो परत आले. रिपोर्टची शेवटची प्रत आली नाही. चार दिवस आधी त्याने ती गाइडना ईमेलने पाठवली होती, तिच्यावर उरलेलं काम त्याने दोन रात्रींत पुन्हा केलं. तो मुलगा फाइलींची नावं बदलताना एक शब्द बोलत नव्हता, हे मला अजून आठवतं.

असाच दुसरा पर्याय आहे 'रिमूव्ह हायबरफाइल'. तो झोपलेल्या विंडोजची आठवण पुसून टाकतो. त्यात न जतन केलेलं काही असेल तर तेही गेलं. विंडोज परत कधीच चालू होणार नसेल, तरच त्याचा विचार करा.

'परमिशन डिनाइड' येत असेल तर

इथे विंडोजचा दोष नाही. लिनक्समध्ये एनटीएफएस लिहिणारे दोन ड्रायव्हर सध्या सर्रास दिसतात. एक एनटीएफएस-३जी, २००७ पासून स्थिर आवृत्तीत असलेला आणि कर्नेलबाहेर (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) चालणारा. दुसरा एनटीएफएस-३, पॅरागॉन कंपनीने लिहिलेला आणि २०२१ च्या कर्नेल ५.१५ पासून कर्नेलच्या आतच असलेला. नावं इतकी सारखी, की गोंधळ होतोच. तुमच्याकडे कुठला चालू आहे ते 'फाइंडएमएनटी' या कमांडने कळतं. ड्राइव्हच्या ओळीत 'फ्यूजबीएलके' दिसलं तर पहिला, 'एनटीएफएस३' दिसलं तर दुसरा. सुरुवातीला सांगितलेली 'बॅड सुपरब्लॉक'वाली लांब ओळ दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर जास्त दिसते. पार्टिशनवर 'डर्टी', म्हणजे नीट बंद न झाल्याची खूण असेल तर तो लिहिण्यासाठी जोडायलाच नकार देतो. 'सुडो डी-एम-ई-एस-जी' देऊन शेवटच्या ओळी वाचल्या तर 'व्हॉल्यूम इज डर्टी' असं खरं कारण सापडतं.

परवानगीचा घोळ बहुधा 'एफएसटॅब' या (चालू होताना कुठला ड्राइव्ह कसा जोडायचा ते सांगणाऱ्या) फाइलमध्ये स्वतः ओळ लिहिलेल्यांकडे होतो. ओळीत मालक सांगितला नसेल तर पार्टिशन रूटच्या, म्हणजे लिनक्सच्या मुख्य व्यवस्थापकाच्या, नावावर जोडलं जातं, आणि नव्या ड्रायव्हरबरोबर साध्या युजरला लिहिता येत नाही. लोक मग सगळ्यांना सगळी परवानगी देणारी 'सीएचमॉड ७७७' ही कमांड मारत सुटतात. एनटीएफएसवर त्याचा बहुतेक वेळा काही परिणाम होत नाही, आणि चुकून स्लॅशवर, म्हणजे उबंटूच्या मूळ फोल्डरवर, चाललं तर अख्खं उबंटू बिघडतं. त्यापेक्षा 'आयडी' कमांड देऊन आपला क्रमांक बघा, पहिल्या युजरचा तो सहसा १००० असतो. एफएसटॅबच्या ओळीत पर्यायांच्या जागी 'यूआयडी बरोबर १०००, जीआयडी बरोबर १०००' स्वल्पविराम देऊन लिहा, आणि पुढे 'नोफेल' जोडा. नोफेल असेल तर ड्राइव्ह जोडला गेला नाही तरी लॅपटॉप चालू होतो. नाहीतर सुरुवातीलाच इमर्जन्सी मोडच्या काळ्या पडद्यावर अडकतो. बदल करण्याआधी फाइलची प्रत काढा आणि रीस्टार्टआधी 'सुडो माउंट वजा ए' देऊन ओळ चालते का ते बघा.

तिथेच 'विंडोज-नेम्स' हा पर्यायही टाका, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन. नावात विसर्ग-चिन्हासारखा कोलन किंवा प्रश्नचिन्ह असलेली फाइल लिनक्सला चालते, विंडोजला नाही. स्क्रीनशॉटच्या नावात वेळ कोलनसकट आली की अशी फाइल विंडोजमध्ये दिसते पण उघडत नाही. चौथ्या लक्षणातल्या काही केसेस इतक्या साध्या निघतात. हा पर्याय असला की असं नाव ठेवूच दिलं जात नाही.

बिटलॉकर

नवीन लॅपटॉपवर हे आता जास्त दिसतं. २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, बऱ्याच मशीनवर आपोआप चालू होतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. लिनक्स अशा ड्राइव्हवर पासवर्ड मागतं. ४८ अंकी रिकव्हरी की असेल तर ड्राइव्ह उघडता येतो. घरचा लॅपटॉप असेल तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

माझा सल्ला असा: की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट या सुरक्षेच्या पर्यायाला हात लावू नका. तिथे बदल झाला की विंडोज स्वतःच ती की मागतं, आणि की नसेल तर स्वतःच्याच लॅपटॉपबाहेर तुम्ही उभे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर इथेच थांबा. ते मशीन तुमचं नाही, की आयटी विभागाकडे असते, त्यांनाच फोन करा.

वरचं सगळं करूनही डर्टी खूण जात नसेल

आता पार्टिशनच्या रचनेतच खरंच काही बिघडलं असण्याची शक्यता आहे. लॅपटॉपची बॅटरी मध्येच संपली, बाहेरची डिस्क 'इजेक्ट' न करता ओढली, अशी कारणं असतात. आधी जे वाचता येतंय ते दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. रीड-ओन्ली असलं तरी कॉपी होतेच. ही पायरी कुणी गाळू नये.

मग विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर 'सीएचकेडीएसके', जागा, 'डी कोलन', जागा, 'स्लॅश एफ'. एनटीएफएसची खरी दुरुस्ती विंडोजचं हेच साधन करतं. लिनक्समध्ये 'एनटीएफएसफिक्स' आहे, पण नावाला भुलू नका. ते काही ठळक विसंगती नीट करतं, जर्नल (ड्राइव्हवरच्या बदलांची नोंदवही) रिकामं करतं आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासावं अशी खूण ठेवतं. त्याला 'वजा डी' जोडलं की डर्टी खूण पुसली जाते, पण खूण पुसली म्हणजे बिघाड गेला असं नाही. मी ते फक्त पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर, बॅकअप हाताशी असताना वापरते.

'स्लॅश आर' मात्र सहज म्हणून देऊ नका. तो डिस्कचा प्रत्येक भाग वाचून पाहतो. मोठ्या डिस्कला तासन् तास लागतात, आणि मरायला टेकलेली डिस्क त्या श्रमाने लवकर जाते.

इथे थांबा

डी-एम-ई-एस-जीच्या ओळींत 'आय-ओ एरर' पुन्हा पुन्हा दिसत असेल, डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, एक फोल्डर उघडायला मिनिट लागत असेल, किंवा उबंटूच्या डिस्क्स ॲपमधल्या स्मार्ट डेटात (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदीत) 'पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा शून्याच्या वर असेल, तर दुखणं सॉफ्टवेअरचं नाही. सीएचकेडीएसके नको, एनटीएफएसफिक्स नको, पुन्हा पुन्हा चालू-बंद करणंही नको. दुसरीकडे प्रत नसलेला डेटा त्यावर असेल तर लॅपटॉप बंद करून डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या माणसाकडे न्या. नेण्याआधी विचारा, की तो आधी पूर्ण डिस्कची प्रत काढून त्या प्रतीवर काम करतो का. मूळ डिस्कवरच प्रयोग करणाऱ्याकडे देऊ नका.

फाइली नाहीशा झाल्या असतील आणि ड्राइव्ह एसएसडी असेल तर घाई आणखी महत्त्वाची. पुसलेली जागा एसएसडी स्वतःहून साफ करत राहते, म्हणून मशीन लगेच बंद करा. आणि काही एसएसडी आयुष्य संपत आलं की स्वतःच रीड-ओन्ली होतात. तेव्हा कुठल्याही पर्यायाने लिहिता येत नाही, येऊही नये. मिळेल ते कॉपी करा आणि डिस्क बदला.

पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून

लॅबमधल्या दुहेरी मशीनवर आता मी देवाणघेवाणीसाठी वेगळं छोटं पार्टिशन करते, एक्सफॅट या फाइली मांडण्याच्या दुसऱ्या पद्धतीत. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याची तांत्रिक माहिती खुली केली आणि लिनक्स कर्नेलमध्येही त्याचा आधार आला. त्यात जर्नल नाही, त्यामुळे मध्येच वीज गेली तर ते एनटीएफएसइतकं खंबीर नाही. म्हणून तिथे एकुलती एक प्रत कधी ठेवायची नाही. आणि पार्टिशन एक्सफॅट असलं तरी फास्ट स्टार्टअप बंदच ठेवायचं, कारण दिवाणजींच्या डोक्यात त्याही वहीची पानं असतात.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून जुन्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स टाकून घेणारे पालकही लॅबमध्ये येऊ लागले आहेत. त्यांच्या मशीनवर मी लिनक्स टाकायच्या आधी तीन कामं करते: डी ड्राइव्हची बाहेरच्या डिस्कवर प्रत, बिटलॉकर आहे का ते बघून की कागदावर, आणि पॉवरसीएफजीची ती एक ओळ.